सुटी गोष्ट की ‘क्रमशः’?





यावेळी आम्ही सहामाही परीक्षेविषयी किंवा गणवेशाविषयी लिहावे अशी कार्यालयाची सूचना होती. ती माहिती मागच्या पानावर चौकटीत दिली आहेच. आम्ही लिहिणार आहोत टी.व्ही.वरच्या विज्ञान मालिकांविषयी. मुख्याध्यापकांनी आता मालिकांवर लेख लिहायला सुरुवात केली का, असे काही पालकांना वाटेल. पण आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकावर २०२४ साली जो गोंधळ झाला, त्याचे मूळ याच विषयात आहे. आणि तो गोंधळ मुलांनी केला नाही, आमच्यामुळे झाला, म्हणून त्याचा खुलासा करणे आमच्याकडेच येते. आमचे घर मराठी असले तरी शिक्षण सगळे हिंदी माध्यमातून, मध्य प्रदेशात झाले. त्यामुळे लिहिण्यात कुठे हिंदी डोकावले तर चूकभूल द्यावी घ्यावी.

झाले असे. त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या मुलांनी भित्तिपत्रकावर एक विज्ञानकथा लिहायला घेतली. दर सोमवारी एक भाग, दर भागाला नवा लेखक. हरणीच्या मुलांना विमानाचे अप्रूप नाही, विमानतळ आपल्या परिसरातच आहे. तेव्हा गोष्ट तिथेच घडली. रात्री दोन वाजता धावपट्टीवर एक निळा दिवा उतरतो. विमान नाही, आवाज नाही, रडारवर काही दिसत नाही. सकाळी कर्मचारी जाऊन पाहतात तो धावपट्टीशेजारचे गवत एका वर्तुळात पांढरे पडलेले. जळालेले नव्हे, गोठलेले! वडोदऱ्यात, ऐन जूनमध्ये, गोठलेले गवत. पहिला भाग लिहिला होता वर्गातल्या एका अबोल मुलीने. शेवटी तिने कंसात ‘क्रमशः’ लिहिले, आणि पुढच्या सोमवारी प्रार्थनेआधीच फलकापाशी गर्दी जमली. आपले शिपाईकाकासुद्धा चष्मा लावून वाचत होते.

तिसऱ्या भागाच्या वेळी एक मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, मी चौथ्या भागात सगळं उलगडून टाकू का? मला उत्तर सुचलंय.” आम्ही काय म्हणालो? “इतक्यात नको रे, वाढव अजून. मुलं वाचतायत, मजा येतेय.” तो गेला. हे वाक्य आम्हाला पुढे महागात पडले.

आठव्या भागापर्यंत धावपट्टीवर तीन अंतराळयाने उतरली होती, दोन शास्त्रज्ञ बेपत्ता होते, आणि विश्वामित्रीतली एक मगर संस्कृतमध्ये बोलू लागली होती. (मगरीबद्दल आमची काही तक्रार नाही. आपल्या नदीत मगरी आहेतच, आणि संस्कृत विषयाचे गुण त्या महिन्यात सुधारले.) मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला तो मोठा पूर आला. शहराचा केवढा तरी भाग पाण्यात गेला, शाळा बंद राहिली. पहिला भाग लिहिणाऱ्या मुलीच्या घरात पाणी शिरले होते. ती तीन आठवड्यांनी शाळेत आली. नवा दप्तर, नव्या वह्या, आणि आल्या आल्या ती फलकासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ वाचत होती. मग आमच्याकडे वळून तिने विचारले, “सर, ते गवत का गोठलं होतं, ते येऊन गेलं का?”

आम्ही लेखक मुलांना बोलावून विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येकाला वाटले होते की पुढचा सांगेल. तिला मागचे भाग वाचायला द्यावेत म्हटले, तर तेही नव्हते. नवा भाग लावताना जुना काढून टाकत होतो. तिचीच गोष्ट, पण तिला तिच्यात शिरायला वाट उरली नव्हती.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा जरा विचार केला. काही जुने पाहिलेले आठवले, काही नव्याने पाहिले, घरातल्या तरुण मंडळींकडून काही समजून घेतले. ते येथे मांडतो.

मालिका सांगण्याच्या मुख्य रीती दोन. एका रीतीत भाग संपला की गोष्ट संपते. माणसे तीच, जागा तीच, पण पुढच्या आठवड्यात प्रसंग नवा. दुसऱ्या रीतीत एक मोठे रहस्य पहिल्या भागात टाकतात आणि ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे उलगडत नेतात. आपल्या आजी-आजोबांना हे सहज समजेल. कीर्तनातले आख्यान त्या रात्रीपुरते पुरे होते. ज्याने कालचे कीर्तन ऐकले नाही तोही आज सगळे घेऊन घरी जातो. चातुर्मासातले पोथीवाचन मात्र रोजचे असते. चार दिवस चुकले की शेजारणीला विचारावे लागते, अहो, कुठवर आले?

या दोन्ही रीती एकत्र बांधल्याचे सर्वांत जुने आणि आम्हाला सर्वांत आवडणारे उदाहरण मात्र विज्ञान मालिकेतले नाही. ते वेताळाचे आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचले, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. मुलांना राजा, खांद्यावरचे प्रेत आणि झाडाकडे उडून जाणारा वेताळ एवढे ठाऊक असते. पण गोष्टीची सुरुवात आठवून पाहा. एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. अशी दहा वर्षे जातात. एक दिवस ते फळ माकडाच्या हाती लागते, ते फोडते, तर आत रत्न! भांडारात जाऊन बघतात तर जुनी फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. हा भिक्षू असे का करतो आहे? झाले ना रहस्य सुरू? मग तो राजाला कृष्णपक्षातल्या चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावतो आणि झाडावरचे प्रेत आणायला सांगतो.

पुढे वेताळ एकामागून एक गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्ट सुटी आहे. तिच्यातली माणसे वेगळी, नगर वेगळे, शेवटी एक पेच. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. राजा बोलतो, वेताळ जातो, राजा पुन्हा त्याला आणायला जातो. कोणतीही एक गोष्ट काढून वाचा, ती पुरी आहे. पण दर फेरीला मागचा प्रश्न तसाच उभा असतो की स्मशानात बसलेल्या त्या माणसाच्या मनात काय आहे?

आणि सुटका कशी होते ते तर फारच सुंदर आहे. शेवटच्या गोष्टीत एक बाप आणि त्याचा मुलगा एका मायलेकींशी लग्न करतात. पण बापाच्या वाट्याला लेक येते आणि मुलाच्या वाट्याला आई! आता त्यांना झालेल्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? (वर्गात हे विचारू नये, तास संपतो.) राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो, वेताळ उडून जात नाही, आणि प्रसन्न होऊन मोठ्या रहस्याची किल्ली राजाच्या हाती देतो: तो भिक्षू तुलाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा म्हण, आधी आपण करून दाखवा. म्हणजे सुट्या गोष्टींची साखळी जिथे तुटते, बरोबर तिथेच मोठी गोष्ट पुरी होते. हे जुळवण्यासाठी सांगणाऱ्याला पहिल्या फळाच्या वेळीच शेवटचा नमस्कार ठाऊक असला पाहिजे.

हीच कथामाला १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ म्हणून आली. रामानंद सागर यांची निर्मिती, अरुण गोविल राजा. पुढे दोनच वर्षांत याच निर्मात्यांनी ‘रामायण’ आणले आणि अरुण गोविल राम झाले. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतो. आमच्या मोहल्ल्यात मोजके टी.व्ही., आणि रविवारी नेमकी वीज जायची. वीज गेली की अख्खा मोहल्ला एका सुरात ओरडे. तरी पुढच्या रविवारी आमचे काही अडत नसे. वेताळ नवी गोष्ट सांगणार हे ठरलेलेच होते. सुट्या भागांचा हा मोठा गुण आम्ही तेव्हा उपभोगला, पण ओळखला नव्हता: ती रीत गैरहजर राहिलेल्याला शिक्षा करत नाही.

त्याच दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ दाखवली. कॅप्टन कर्क, उभ्या कानांचा स्पॉक, आणि दर आठवड्याला नवा ग्रह. ही मालिका मुळात १९६६ ते १९६९ मध्ये तयार झाली, भाग ७९. ती जवळजवळ सगळी सुट्या भागांची आहे, आणि त्याला व्यवहारी कारण होते. तिकडे एखादी मालिका एकदा दाखवून झाली की तिचे भाग गावोगावच्या छोट्या केंद्रांना विकत असत. ती केंद्रे आपल्या सवडीने, मागेपुढे कसेही भाग लावत. तेव्हा एकोणिसावा भाग आधी आणि चौथा नंतर आला तरी प्रेक्षकाला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सोंगट्या पुन्हा पटावर पहिल्या जागी. यान दुरुस्त, माणसे हसतमुख, चला पुढे.

याला तोटाही आहे, आणि तो आमच्या सातवीतल्या एका विद्यार्थ्याने आमच्यापेक्षा बरा सांगितला: “सर, मागच्या भागात एवढं मोठं संकट आलं आणि या भागात कोणाला त्याची आठवणच नाही!” खरेच आहे. सुट्या भागांच्या जगात कोणी मोठे होत नाही, कोणाची जखम आठवडाभर टिकत नाही. आयुष्य असे नसते हे पुरातून आलेल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडेही विज्ञान मालिका झाल्या. १९८० चे दशक संपता संपता दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आली. त्यात मुले संगणक जोडतात आणि तो निघतो काळात मागेपुढे नेणारे यंत्र. आज मोठे दिग्दर्शक असलेले करण जोहर त्यात मुलाच्या भूमिकेत होते. १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली, नायक मिलिंद सोमण. तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. दूरच्या तुरुंगातून अट्टल गुन्हेगार निसटतात आणि व्योमला त्यांना एकेक करून पकडायचे असते. एकाला पकडले की एक गोष्ट पुरी झाली, पण बाकीचे अजून मोकळे आहेत म्हणून मोठी गोष्ट चालूच. चित्रफितीतली याने आज पाहिली तर मुले हसतात, हसू देत. पण कच्चा आराखडा वेताळाचाच होता, झाडाऐवजी अंतराळ एवढेच.

आता दुसऱ्या रीतीकडे, म्हणजे लांबलेल्या रहस्याकडे वळू. इथे आम्हाला दोन परदेशी मालिका शेजारी ठेवून दाखवायच्या आहेत, कारण आमची चूक त्यांच्यात अगदी स्पष्ट दिसते.

पहिली ‘एक्स-फाइल्स’. १९९३ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या खेपेत २००२ पर्यंत, नऊ हंगाम चालली. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये थोडे भाग आले आणि एकूण २१८ झाले. मुल्डर आणि स्कली हे दोन तपास अधिकारी न उलगडलेल्या विचित्र प्रकरणांचा शोध घेतात. तो विश्वास ठेवायला तयार, ती वैद्यक शिकलेली आणि पुरावा मागणारी. हिचे भाग उघडउघड दोन जातींचे होते. काही भागांत त्या आठवड्यापुरता एक विचित्र प्राणी किंवा चमत्कारिक गुन्हेगार येई आणि भाग तिथेच संपे. बाकी भागांत मोठे रहस्य चाले: परग्रहवासी, सरकारातले कारस्थान, आणि मुल्डरची लहानपणी नाहीशी झालेली बहीण. सुरुवातीला लोक या रहस्यासाठीच जीव टाकत. पण मालिका किती वर्षे चालणार हे करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. यश मिळत गेले तसे ‘अजून वाढवा’ होत गेले. एक उत्तर दिले की त्याच्या पोटातून तीन प्रश्न. बहिणीचे काय झाले याचा उलगडा सातव्या वर्षी, २००० साली केला, तोवर एकमेकांना खोडणारी इतकी उत्तरे येऊन गेली होती की ते उत्तर ऐकून कोणी दचकले नाही. आज त्या मालिकेचे चाहते आवडते भाग सांगू लागले की त्यांत सुटे भागच पुष्कळ निघतात. ज्या भागांना दुय्यम समजले गेले तेच टिकले.

दुसरी ‘बॅबिलॉन ५’. १९९३ मध्ये तिचा आरंभीचा चित्रपट आला आणि १९९४ ते १९९८ मालिका चालली. अंतराळातले एक मोठे स्थानक, तिथे निरनिराळ्या ग्रहांचे वकील राहतात. करणारे जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी आधीच ठरवले होते की ही पाच वर्षांची एक कादंबरी आहे, तिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे. ११० भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. शिवाय प्रत्येक पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवला होता. नट सोडून गेला तर ते पात्र कसे बाहेर काढायचे आणि त्याचे काम कोणाकडे द्यायचे, हे आधीच ठरलेले. पहिल्या वर्षानंतर मुख्य नटच गेला आणि दरवाजा कामी आला. चौथ्या वर्षी बातमी आली की मालिका बंद पडणार. स्ट्राझिन्स्कींनी मोठ्या कथेचे धागे घाईने त्याच वर्षात बांधून टाकले, कारण प्रेक्षकाला उत्तराविना सोडायचे नव्हते. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवे वर्ष मंजूर केले! पाचवे वर्ष त्यामुळे थोडे रिकामे वाटते म्हणतात. पण आम्हाला त्या चौथ्या वर्षाच्या घाईबद्दल आदरच वाटतो. उधारी चुकवायला धावणाऱ्या माणसाची ती घाई आहे.

‘क्रमशः’ हा शब्द उधारीचाच आहे, हे आमच्या लक्षात यायला एवढा घोळ व्हावा लागला. वाचकाकडून त्याची उत्सुकता आज घ्यायची आणि उत्तर नंतर द्यायचे. ‘एक्स-फाइल्स’ने आणि आम्ही, दोघांनी परतफेडीची तारीख न ठरवता उसने घेतले.

मराठीत विज्ञान मालिका फारशा नाहीत, पण चालू रहस्य आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागली, तेव्हा वडोदऱ्यातल्या मराठी घरांतही रात्री साडेदहाला शांतता असायची. कोकणातला वाडा, नाईकांचे कुटुंब, एकामागून एक घटना, आणि यामागे कोण हा प्रश्न. त्या शेवटावर आमच्याच घरात दोन पक्ष पडले होते. विशेष असे की २०१९ मध्ये दुसरा भाग आणला तो गोष्टीला मागे नेऊन, अण्णा नाईकांच्या काळात. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आता ठाऊक होते, तरी ती मालिका लोकांनी तितक्याच ओढीने पाहिली. कोण हा प्रश्न संपला तरी कसे हा प्रश्न माणसाला बसवून ठेवतो. ‘चार दिवस सासूचे’ची गोष्ट निराळी. २००१ ते २०१३ आणि तीन हजारांहून अधिक भाग, तिथे रहस्य नव्हे, शेजार चालू असतो. त्याविषयी आम्ही बोलणार नाही, घरी जेवायचे आहे.

विज्ञानकथेला मात्र सुटी गोष्ट मुळातच मानवते असे आमचे मत आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथा आठवा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपण नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांनी नावाकडे नव्हे, कथेकडे पाहावे म्हणून. तिला पहिले बक्षीस मिळाले. (त्यांचे बालपण बनारसला हिंदीच्या वातावरणात गेले, याचा आम्हाला उगाचच आधार वाटतो.) त्यांच्या लघुकथेत बहुधा एकच ‘असे झाले तर?’ असते. ते मांडायचे, त्याचे परिणाम दाखवायचे आणि थांबायचे. प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखे. पण ‘वामन परत न आला’ लिहिताना त्यांनी कादंबरी घेतली, कारण जमिनीखाली सापडलेल्या ठेव्याचा अर्थ हळूहळूच लागणार होता. प्रश्न केवढा आहे त्यावर रीत ठरते. आमच्या गोठलेल्या गवताचा प्रश्न खरे तर चार भागांचा होता. तो मुलगा बरोबर होता, आणि आम्ही त्याला नंतर तसे सांगितले. तो म्हणाला, “आता उत्तर विसरलो, सर.” हे ऐकून फार वाईट वाटले.

आजकाल मोबाइलवर अख्खा हंगाम एका दिवशी येतो. चुकण्याचा प्रश्न मिटला, वाटेल तेव्हा मागे जाऊन पाहता येते, म्हणून जगभर लांब रहस्यांचे पीक आले आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आपल्या वरच्या वर्गांतही पोहोचली. ती २०१६ ते २०२५ अशी चालली आणि हंगाम पाचच. मधे तीन-तीन वर्षे वाट पाहण्यात तिच्यातली मुले मोठी होऊन गेली. (ती लहान मुलांसाठी नाही. पालकांनी आधी स्वतः पाहून ठरवावे.) पण शाळा म्हणजे मोबाइल नव्हे. इथे कोणी आजारी पडतो, कोणाच्या वडिलांची बदली होऊन तो सप्टेंबरमध्ये नवा येतो, कोणाच्या घरात नदी येते. शाळेत ‘मागचे भाग पाहून घे’ म्हणणे सोपे नाही. गोष्टीच्या बाबतीत नाही आणि गणिताच्या बाबतीत तर त्याहून नाही.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका माननीय सदस्यांनी सुचवले की ही कथा बंदच करावी, भित्तिपत्रकावर सुविचार लावावेत. आम्ही नम्रपणे असहमती नोंदवली. मुलांना वाट पाहायला लावणारी गोष्ट शाळेत हवीच. सोमवारी सकाळी कोणीतरी धावत शाळेत यावे असे सुविचारांनी घडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. दुसरे सदस्य म्हणाले की मग सगळे भाग सुटेच ठेवा. तेही पटले नाही. ज्या मुलीने गवताविषयी विचारले ती तीन आठवडे तो प्रश्न मनात घेऊन राहिली होती. पाणी उपसताना, चिखल काढताना तिच्याजवळ तो होता. सुटी गोष्ट तिला हे देऊ शकली नसती.

म्हणून यंदा जूनपासून वेताळाची रीत घेतली आहे. मोठे रहस्य एकच राहील आणि त्याचे भाग बारा, एकही जास्त नाही. प्रत्येक भागात एक छोटा प्रश्न त्याच भागात सुटला पाहिजे, म्हणजे त्या सोमवारी पहिल्यांदा फलकापाशी येणाऱ्याच्याही हाती काहीतरी पुरे लागेल. जुने भाग आता काढून टाकत नाही. ते फाइलमध्ये लावून ग्रंथालयात दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, फाइल घरी नेता येईल. आणि पहिला भाग लावण्याआधी लेखक मुलांनी एकत्र बसून शेवट ठरवला, कागदावर लिहिला, पाकिटात घातला आणि लाख लावून आमच्याकडे दिला. पाकीट कपाटात आहे. आम्ही ते उघडलेले नाही, जरी दोनदा हात गेला होता.

यंदाची गोष्ट नववीतल्या त्याच मुलीच्या सूचनेवरून पुन्हा धावपट्टीवरच सुरू झाली आहे. गवत पुन्हा गोठले आहे. मगर मुलांच्या आग्रहाने ठेवली आहे, पण तिला फक्त एका भागाची परवानगी आहे. पाचवा भाग येत्या सोमवारी प्रार्थनेनंतर लागेल.